हे तुला कुठं सापडलं?

इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला आमच्याकडे मुलांना प्रकल्प करावा लागतो. विषयांची लांबलचक यादी मी केव्हाच बाजूला ठेवली. आता विषय एकच असतो, आपल्या गावातला बहात्तरचा दुष्काळ. साताऱ्याच्या माण तालुक्यात शिकवणाऱ्या माणसाला याहून जवळचा विषय मिळायचा नाही. तेव्हा खडी फोडलेलं, मातीच्या पाट्या वाहिलेलं कुणी ना कुणी वर्गातल्या जवळपास प्रत्येक घरात आहे. त्यातली बरीच माणसं आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. आणखी काही वर्षांनी हा प्रकल्प असा करताच येणार नाही, म्हणून मी याच विषयाचा हट्ट धरते.

पाऊस १९७० पासूनच हात आखडून पडत होता. १९७२ साली तर त्यानं पाठच फिरवली. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं राबत होती. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध आणि खडीचे ढीग. खायला परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, आणि कामावर वाटलं जाणारं कोरडं पूरक अन्न, सुकडी. हे सगळे शब्द मुलांनी घरात लहानपणापासून ऐकलेले असतात. त्यामुळे माहिती गोळा करायला त्यांना फारसं शिकवावं लागत नाही. आजीशेजारी बसायचं, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि ‘आजी, तुमी कामावर जायच्या तवाचं सांग की’ एवढंच म्हणायचं. आजी तासभर थांबत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं परत येतात तेव्हा त्यांचे फोन भरलेले असतात. रेकॉर्डिंग, कोनशिलेचे फोटो, गॅझेटिअरची कुठून तरी उतरवून घेतलेली पानं, वर्तमानपत्रातली कात्रणं, कुणा काकांनी पाठवलेला मजकूर. सगळी उत्साहात असतात. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, माहिती झाली गोळा. आता लिहायला घेऊ ना?’

माझ्या मते शिकवणं सुरू होतं ते इथून. गोळा झालेल्या माहितीतली एखादी गोष्ट मी उचलते आणि विचारते, हे तुला कुठं सापडलं? बहुतेकांना सांगता येत नाही. ‘एका आजोबांनी सांगितलं.’ कोणत्या? ‘ते वरच्या आळीचे.’ त्यांनी स्वतः पाहिलं होतं की ऐकलं होतं? मग वर्गात शांतता पसरते. पोरांनी काम केलेलं असतं, उन्हातान्हात फिरलेली असतात, पण हाती आलेल्या प्रत्येक गोष्टीची तिच्या जागेपासून ताटातूट झालेली असते.

म्हणून पहिल्यांदा चिठ्ठ्या. जाड कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे आम्ही शिपायाकडून कापून घेतो. नियम साधा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि वरच्या कोपऱ्यात तिचा ठावठिकाणा. बोलणाऱ्याचं नाव, वय, गाव, वस्ती, बोलणं झालं ती तारीख, समोरासमोर की फोनवर, आणि त्या वेळी आणखी कोण बसलं होतं. पुस्तक किंवा कागद असेल तर पान क्रमांकासकट सगळं. रेकॉर्डिंगचा कितवा मिनिट तेही.

‘आणखी कोण बसलं होतं’ याचं मुलांना नवल वाटतं. पण एकदा एका मुलीनं आजीशी दोनदा बोलणं केलं. पहिल्या वेळी मुलगा, म्हणजे तिचे चुलते, खाटेवर बसलेले होते. तेव्हा आजी म्हणाली, घरात काही कमी पडलं नाही, देवाच्या दयेनं सगळं भागलं. दुसऱ्या वेळी चुलते रानात गेले होते. तेव्हा तीच आजी म्हणाली की तिनं मंगळसूत्रातले दोन मणी मोडले आणि ते घरात आजतागायत कुणाला ठाऊक नाही. दोन्ही चिठ्ठ्यांवर नाव एकच, वय एकच, फरक फक्त त्या एका ओळीचा. ती ओळ नसती तर मुलीच्या हाती दोन परस्परविरोधी विधानं उरली असती आणि तिनं त्यातलं सोयीचं एक उचललं असतं. (मण्यांची गोष्ट प्रकल्पात घ्यायची का, हे तिनं आजीला विचारलं. आजी नको म्हणाली. घेतली नाही. गावाचा आणि नावाचा माग लागणार नाही अशा रीतीनंच मी ती इथं लिहिते आहे.)

चिठ्ठीची सवय लावायला मला एका भेटीचा फार उपयोग झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या महाशब्दकोशाचं काम चालतं. १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकारानं ते सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथांमधून शब्द वेचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार केल्या गेल्या. पोलादी कपाटांमधून त्या ओळीनं लावून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि ग्रंथातली नेमकी जागा. आमच्या मुलांना संस्कृत येत नाही, शब्दकोशाशी त्यांचं देणंघेणं नाही. पण ती कपाटं पाहून एक मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘लिहिणारी माणसं गेली असतील ना यातली?’ गेलीच असणार. आणि तरी आज कुणीही कपाट उघडून त्यांच्या कामावर पुढचं काम करू शकतो, कारण शब्द कुठून घेतला ते त्यांनी लिहून ठेवलं. संदर्भ कशासाठी द्यायचा हे मला त्या दिवशी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

फोनमध्ये टिपणं करणाऱ्यांना मी अडवत नाही. मात्र नियम तोच. एक नोंद, तिचा ठावठिकाणा तिच्याच अंगावर. मजकूर कापून दुसरीकडे चिकटवताना नेमका ठावठिकाणा मागे राहतो. तळटिपांमध्ये ‘तत्रैव’, म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’, असं लिहायला म्हणूनच मी शेवटच्या खर्ड्यापर्यंत मनाई करते. परिच्छेद वर-खाली झाला की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं, आणि लिहिणाऱ्यालाही ते कळत नाही.

मग येते मांडणी. वर्गातली बाकं जोडून आम्ही मोठा ओटा करतो आणि चिठ्ठ्या पसरतो. आधी विषयवार: अन्न, पाणी, मजुरी, जनावरं, आजार, स्थलांतर. मुलांना वाटतं झालं, याच क्रमानं प्रकरणं लिहायची. मी त्यांना सगळं पुन्हा गोळा करायला लावते आणि त्याच चिठ्ठ्या वेगळ्या तऱ्हेनं लावायला सांगते. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. नंतर वयानुसार, म्हणजे बहात्तरात कोण दहा वर्षांचं होतं आणि कोण तीस वर्षांचं. नंतर वस्तीनुसार. हा खटाटोप मुलांना कंटाळवाणा वाटतो. मला मात्र अख्ख्या प्रकल्पात ही दुपार सगळ्यांत मोलाची वाटते, आणि त्याचं कारण एका गटाच्या कामात आहे.

त्या गटानं निष्कर्ष आधीच लिहून आणला होता: ‘दुष्काळाने गावातील जातिभेद पुसून टाकला. सर्व जातींचे लोक एकत्र काम करीत, एकत्र बसून भाकरी खात.’ आधाराला भरपूर चिठ्ठ्या होत्या. एकाही चिठ्ठीत खोटेपणा नव्हता. म्हाताऱ्यांनी मनापासून सांगितलं होतं, ‘तवा कसली जात आन्‌ कसलं काय, समदी एका कामावर.’ वस्तीनुसार चिठ्ठ्या लावायची वेळ आली. गावठाणाचा ढीग मोठा, मळ्यातल्या वस्त्यांचा लहान. बौद्धवस्तीची जागा रिकामी. एकही चिठ्ठी नाही. चौघंही त्या मोकळ्या जागेकडे पाहत उभी राहिली.

त्याच वर्गात, दुसऱ्या गटात, त्याच गावच्या बौद्धवस्तीतली एक मुलगी होती. तीन वर्षं ही मुलं एका एसटीनं येत-जात होती. ती म्हणाली, ‘माझ्या आजोबांना कुणी विचारलंच नाही.’ रागानं नाही म्हणाली. साधी माहिती द्यावी तसं म्हणाली.

मुलं पुढच्या रविवारी गेली. आजोबांनी सांगितलं की पाझर तलावाच्या कामावर पाण्याचे रांजण दोन होते आणि त्यांच्या लोकांना पाणी वरून ओततच मिळायचं. पण नंतर रस्त्याच्या कामावर टँकर यायला लागला, तेव्हा सगळे एकाच नळीखाली घागरी लावायचे आणि कुणी काही बोलायचं नाही. एवढं सांगून ते थांबले नाहीत. त्या रस्त्याच्या कामावर मुकादम बाहेरगावचा होता, तलावाच्या कामावर गावातला, हेही त्यांनी सांगितलं. मुलांचा आधीचा निष्कर्ष त्यामुळे नुसता उलटा झाला नाही, तो बारीक झाला. कोणत्या कामावर, कुणाच्या हाताखाली, पाणी कुठून येत होतं त्यावर काय बदललं, असा तो झाला. आणि गावठाणातल्या आजीआजोबांचं काय? तीही खरंच बोलत होती. जो आपल्या रांजणातून पाणी पितो त्याला दुसरा रांजण आठवण्याचं कारण पडत नाही.

चिठ्ठ्या लावल्या नसत्या तर ती मोकळी जागा दिसली नसती. आपल्याला काय सापडलं हे मुलांना सांगता येतं, आपल्याला काय सापडलेलंच नाही हे दिसायला मात्र सगळं समोर पसरून ठेवावं लागतं. मांडणीला कारकुनी समजून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत, आणि मला त्यांच्या विद्यार्थ्यांबद्दल वाईट वाटतं.

संदर्भांबद्दल विद्यापीठात आज जे बोललं जातं ते बहुतेक चोरीबद्दल असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आल्यापासून शोधप्रबंध सॉफ्टवेअरमधून जातो, १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई. नियम हवेतच, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्यातून मुलांच्या मनात बसतं ते असं की संदर्भ म्हणजे पकडलं जाऊ नये म्हणून करायची तजवीज. मग ती वाक्यातले शब्द बदलतात, टक्के खाली येतात आणि ठावठिकाणा तसाच हरवलेला राहतो. आता तर यंत्राला विचारून संदर्भसूचीच तयार मिळते. एकानं अशी सूची आणली होती, लेखकाचं नाव, प्रकाशक, वर्ष, सगळं व्यवस्थित. ग्रंथपालांनी आणि मी मिळून शोध घेतला. त्यातली दोन पुस्तकं कधी लिहिलीच गेली नव्हती. तेव्हापासून माझा नियम कडक आहे. जे पान तू स्वतः उघडून पाहिलं नाहीस ते तुझ्या सूचीत येणार नाही.

मुलांच्या आजीला तळटिपेत कसं आणायचं हा प्रश्न मात्र मला आवडतो. छापील पुस्तकाला लेखक, वर्ष, प्रकाशक असतात, आजीला काय असतं? तिलाही नाव असतं, गाव असतं, बोलल्याची तारीख असते. ती अक्षरं एका विद्यार्थिनीनं पहिल्यांदा टंकून काढली, तळटीप क्रमांक ७, आजीचं पूर्ण नाव, वय ७८, शेतमजूर, मुलाखत अमुक तारखेला. आणि त्याच्या खालची टीप गॅझेटिअरची. दोघींना सारखाच मान, एकाच मापाचा टाइप. तिनं ते पान घरी नेऊन आजीला वाचून दाखवलं. आजी कधी शाळेत गेली नव्हती.

पण एकाच मापाचा टाइप म्हणजे एकाच वजनाचा पुरावा नव्हे. इथून तिसरं आणि सगळ्यांत अवघड काम सुरू होतं. आपण स्वतः शोधलेलं, कष्टानं मिळवलेलं, आवडलेलं विधान आपणच पारखायचं. दुसऱ्याच्या लेखनातली खोट विसाव्या वर्षी चटकन दिसते. स्वतःच्या चिठ्ठीवर संशय घेणं जिवावर येतं.

त्यासाठी मी शिवजन्माच्या तारखेचा इतिहास शिकवते. महाराजांचा जन्म १६२७ सालचा असं एके काळी सर्रास छापलं जायचं, कारण उत्तरकालीन बखरींमध्ये ते साल होतं. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मी मुलांना विचारते, एका बाजूला अनेक बखरी, दुसऱ्या बाजूला ही एकच नोंद, मत कुणाला? हात बखरींच्या बाजूनं वर होतात. मग आम्ही बघतो की बखरी एकमेकींवरून लिहिल्या जातात. चौघांनी सांगितलं तरी चौघांनी एकाकडूनच ऐकलं असेल तर साक्षीदार एकच. पुढे महाराजांच्याच काळातल्या कवींद्र परमानंदाचं शिवभारत हे संस्कृत काव्य १९२७ साली छापून आलं, त्यातही शके १५५१. राजस्थानातल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तिथंही तेच. जेधे, तंजावरला मिळालेल्या या काव्याचा कवी आणि राजस्थानातला ज्योतिषी यांनी एकमेकांचं पाहून लिहिलं असण्याची शक्यता नाही. तारखेचं वजन तिथून आलं, साक्षीदारांच्या संख्येतून आलं नाही.

हे समजलं की मुलं आपल्याच चिठ्ठ्यांकडे परत जातात. आमच्याकडे जवळपास प्रत्येक गावातून एक चिठ्ठी येते: गाजरगवत बहात्तरात आलं, मिलोबरोबर आलं. पंधरा-वीस तोंडांतून आलेलं विधान, तेव्हा खरंच असणार. पण वनस्पतिशास्त्राच्या विभागातल्या आमच्या सहकाऱ्यांना विचारलं की ते सांगतात, हे गवत पुण्यात १९५५ साली दिसलं होतं आणि पुढच्याच वर्षी त्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकात छापली गेली. मग कुणीतरी इंटरनेटवर बघून येतं: बरोबर आहे मॅडम, ते पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेल्या, गव्हाबरोबर आलं. त्या कायद्याखाली भारताचा अमेरिकेशी धान्याचा करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे हेही विधान तारखेच्या कसोटीला नीट उतरत नाही. इथं मुलं वैतागतात. मग चिठ्ठी फाडायची का?

फाडायची नाही. ती कशाचा पुरावा नाही हे कळलं, आता ती कशाचा पुरावा आहे ते बघायचं. एका गटानं तेच केलं. त्यांनी परत जाऊन विचारलं, तुमच्या रानात हे गवत तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलं? तेव्हा कळलं की तलावासाठी माती उकरली, रस्त्यासाठी भराव पडला, पडीक पडलेल्या रानात ते गवत पसरलं. गावात ते दुष्काळातच दिसलं असणं अगदी शक्य आहे. आणि मिलोचं नाव त्याला का चिकटलं? एका आजीनं त्याचं उत्तर न विचारता दिलं होतं. ‘लाल भाकर. पोटात गेली की आग. जनावराचं खानं आमाला घातलं.’ उपासमारीत मिळालेलं अन्न, ज्यानं जीव वाचवला आणि मान खाली घालायला लावली, त्याच्याच माथी पुढची चाळीस वर्षं रान खाणारं गवतही मारलं गेलं. मला हा निष्कर्ष गवताच्या उगमापेक्षा किती तरी मोठा वाटतो. तो गटाच्या हाती आला तो विधान तपासल्यामुळे, मानल्यामुळे नव्हे.

मजुरीचंही तसंच. कुणी सांगतं दिवसाला दीड रुपया, कुणी तीन, एक आजोबा साडेचार म्हणाले. एका हुशार मुलानं सगळ्या आकड्यांची सरासरी काढून आणली आणि तक्त्यात मांडली. गणित बरोबर होतं. पण काम मापावर होतं. मऊ मातीचा दर वेगळा, मुरुमाचा वेगळा, खडकाचा वेगळा. टोळीनं किती खोदलं ते मोजायचं आणि पैसे टोळीत वाटायचे. ज्या टोळीत तरणी माणसं जास्त त्यांना जास्त, ज्या बाईच्या पाठीशी म्हातारी सासू आणि कडेवर पोर तिला कमी. सरासरी काढली की हे सगळं पुसलं जातं. आकडे जुळत नाहीत म्हणून मुलगा अस्वस्थ झाला होता, आणि त्याचा शोध नेमका त्या न जुळण्यात होता.

‘रोजगार हमी’ हा शब्दही जपून घ्यावा लागतो. विसापूरच्या वि. स. पागे यांची ही कल्पना, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दुष्काळी कामं आणि पुढे आलेली रोजगार हमीची कामं म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत एकमेकांत मिसळलेली असतात. एका गावात सगळे सांगत होते की तलाव बहात्तरात झाला. कोनशिलेवर साल होतं १९७८. खणायला बहात्तर-त्र्याहत्तरात सुरुवात झाली, दगडी पिचिंग आणि सांडवा पुढे रोजगार हमीतून झाला, असं दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर दिसलं. कोनशिलेला उद्घाटनाची तारीख ठाऊक असते, घामाची नसते.

यातलं किती खात्रीनं सांगता येतं आणि किती नाही, हे लिहिण्यात कसं दाखवायचं? त्याचं उत्तर आम्हाला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेकडून मिळालं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे हस्तलिखितं ताडून मजकूर ठरवण्याचं, काम तिथं १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं जमवून पडताळली गेली. डॉ. वि. सी. सुखटणकर १९२५ पासून त्याचे मुख्य संपादक होते, त्यांनी घालून दिलेली शिस्त नंतरच्यांनी चालवली. ग्रंथालयात आदिपर्वाचा खंड आहे, तो मी वर्गात आणते. पानाच्या वरच्या भागात स्वीकारलेला श्लोक, खाली बारीक टाइपात न स्वीकारलेले सगळे पाठभेद, कोणत्या हस्तलिखितात काय आहे त्याच्या खुणांसकट. जे नाकारलं तेही वाचकाच्या हातात ठेवलं आहे. पुढच्या कुणाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर त्यानं खालून उचलावं आणि आपलं म्हणणं मांडावं. आणि वरच्या स्वीकारलेल्या श्लोकातही काही अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. त्याचा अर्थ, इथं आमची खात्री नाही.

देशातल्या सर्वांत मोठ्या पाठचिकित्सेच्या कामात विद्वानांनी आपल्याच निर्णयाखाली नागमोडी रेघ ओढून ठेवली आहे, हे मुलांना पाहू दिलं की त्यांचे खांदे सैल पडतात. शाळेपासून त्यांना खात्रीनं उत्तर लिहायची सवय लावलेली असते, ‘मला नक्की माहीत नाही’ लिहिलं की गुण जातात. आमच्या प्रकल्पात आता नागमोडी रेघ चालते. चालते म्हणजे, तिला गुण आहेत. रेघ ओढली की समासात लिहायचं, खात्री का नाही, आणि काय सापडलं तर हे विधान मागे घ्यावं लागेल. हा दुसरा प्रश्न मुलांना फार जड जातो. आपलं म्हणणं कशानं पडेल याचा विचार त्यांना कुणी करायला लावलेला नसतो. पण ज्यांना तो एकदा जमतो त्यांचं लिहिणं बदलतं. वाक्यं आखूड होतात. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ आपोआप गळतात.

हे काम मुलांना भावनेच्या पातळीवर किती कठीण जातं ते मला एका मुलानं दाखवून दिलं. त्याच्या आजीनं सांगितलं होतं की तिनं भर उन्हाळ्यात, आठव्या महिन्यात, तलावाच्या कामावर माती वाहिली. त्याच्या वडिलांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर जानेवारीतला. तो वर्गानंतर थांबला. म्हणाला, ‘मॅडम, मी हे तपासायचं म्हणजे माझी आजी खोटं बोलते असं धरायचं का?’ त्याचे डोळे भरून आले होते.

मी त्याला सांगितलं ते मी आजही मानते. आजीचं म्हणणं खरं ठरावं म्हणूनच तर तपासायचं. आपल्या गावांमध्ये त्या काळी दाखल्यावरची जन्मतारीख गुरुजी अंदाजानं घालत, तेव्हा संशय दाखल्यावरही घ्यायला हवा, एकट्या आजीवर का? तू गप्प बसून तिचं वाक्य जसंच्या तसं छापलंस आणि उद्या कुणी परक्यानं दाखला पुढे करून ते पाडलं, तर तिच्या बाजूनं बोलायला कोण असेल? तो घरी गेला. मोठ्या आत्याचा जन्म कधीचा ते विचारून आला. आजी ज्या बाळंतपणाबद्दल बोलत होती ते वडिलांचं नव्हतंच. वडिलांच्या आधी एक मूल झालं होतं आणि ते राहिलं नव्हतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. त्यानं ते प्रकल्पात एका ओळीत लिहिलं, आजीच्या परवानगीनं, खाली आजीचा आणि आत्याचा असे दोन वेगळे संदर्भ देऊन.

मागच्या तुकड्यांच्या चिठ्ठ्या आम्ही विभागात खोक्यांमध्ये ठेवतो, गाववार. नवीन मुलं पहिल्या महिन्यात तीच खोकी वाचतात आणि आधीच्यांच्या नागमोडी रेघा शोधून काढतात. यंदाच्या एका गटाला अशीच मजुरीची रेघ सापडली. समासात जुन्या मुलांनी लिहिलं होतं: ‘त्या कामाचा हजेरीपट मिळाला तर हे ठरेल.’ हजेरीपटावर नाव, दिवस, माप, रक्कम सगळं असायला हवं. पन्नास वर्षांपूर्वीचे असे कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात उरले असतील याची मला फारशी आशा नाही, मुदत संपली की ते नष्ट केले जातात. तरी मुलांनी अर्ज केला आहे. अर्जाचा मजकूर त्यांचा त्यांनी लिहिला, मी फक्त वाचला: गावाचं नाव, कामाचं नाव, १९७२ ते १९७४ या काळातले हजेरीपट पाहण्यासाठी मिळावेत, आणि ते उपलब्ध नसल्यास, कोणत्या तारखेला व कोणत्या आदेशानं नष्ट केले त्या नोंदीची प्रत मिळावी.